शेखमळ्यातली पोरं

शमशेर शेखने आयुष्यात आपल्या बागेतून जितकी पोरं हाकलली, तितके पेरू त्याने विकले नसतील, असं गावात गमतीनं म्हणत. पुणतांब्याच्या अलीकडे, गोदावरीच्या काठापासून चार बांध ओलांडले की त्याची दोन एकर बाग लागायची. बागेच्या मधोमध बाभळीच्या मेढींवर बांधलेला माळा. त्या माळ्यावर शमशेर, हातात गोफण, आणि तोंडात एक अशी हाळी की नदीपलीकडची माणसंसुद्धा दचकावीत. रावे उडायचे, वानरं पळायची, आणि शाळा सुटल्यावर कुंपणातून शिरलेली पोरं चड्डी सावरत धूम ठोकायची.

त्याच शमशेरच्या बागेत त्याच्याच बायकोनं एका सकाळी एकोणीस पोरं आणून सोडली.

सुरय्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची, रडणाऱ्याला काखेत घ्यायची. सव्वीस वर्षं तिचं हेच चाललेलं. दिवाळीची सुट्टी संपायच्या आदल्या रविवारी अंगणवाडीच्या खोलीचा स्लॅब आतून सुटला आणि परातीएवढे खपले पोरं बसतात त्या जागेवर येऊन पडले. खोलीला कुलूप लागलं. दुरुस्ती होईपर्यंत पोरं बसवायची कुठं? शाळेत खोली शिल्लक नव्हती, देवळाच्या ओवरीत पत्त्यांचा डाव असायचा. स्नेहलताई, म्हणजे अंगणवाडीची सेविका, श्रीरामपूरकडची पोरगी, नोकरीला दुसरंच वर्ष, ती पार रडकुंडीला आलेली. तेव्हा सुरय्याच म्हणाली, "आमच्या बागंत चला की. सावली हाय, हिरीचं पानी हाय."

नवऱ्याला तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर काय उत्तर आलं असतं, हे तिला ठाऊक होतं.

शमशेर माळ्यावरून खाली उतरला तो लुंगी खोचतच.

"ह्ये काय हाय?"

"पोरं हायती," सुरय्या शांतपणे म्हणाली आणि तिनं झाडाखाली सतरंजी अंथरली.

"मला दिसत्यात. हितं कशाला?"

"दोन-चार म्हैने. खोली नीट होस्तवर."

"माल तोडायला आलाय, सुरय्या! एक पेरू ठिवायची न्हाईत ही."

"कोनता माल?" ती एवढंच म्हणाली.

ती खरं बोलली होती. बाग मरत चालली होती. मुळांना गाठी धरल्या होत्या. सूत्रकृमी, असं कृषी खात्याचा माणूस म्हणाला होता. आधी पानं पिवळी पडायची, मग फळ लिंबाएवढं राहायचं, मग एका हंगामात झाड उभ्या उभ्या वाळून जायचं. तीन वर्षांत निम्मी बाग गेली. आदिलने, म्हणजे शमशेरच्या मुलाने, वाळलेल्या झाडांवर चुन्याचे पट्टे ओढून ठेवले होते. होळीच्या पुढे जेसीबी लावून सगळीच बाग काढायची आणि सीताफळ लावायचं, असं त्यानं ठरवलं होतं. शमशेर त्यावर हो म्हणाला नव्हता आणि नाहीही म्हणाला नव्हता.

पहिले चार दिवस शमशेर माळ्यावरच बसून राहिला. खाली पोरांचा कालवा चाले आणि वरून त्याचे हुकूम सुटत. "ए, फांदीला लोंबकाळू नको!" "ए लाल फ्रॉक, ती कळी हाय, तोडू नको!" "पाटात दगड टाकू नका रं!" पोरं क्षणभर वर बघत आणि पुन्हा आपल्या उद्योगाला लागत. तीन-चार वर्षांच्या जिवांना हाळीची भीती वाटत नाही, हे त्याला या वयात नव्यानं कळत होतं. एक शेंबडं पोर तर माळ्याखाली येऊन त्याचीच हाळी काढून दाखवू लागलं.

पाचव्या दिवशी स्नेहलताई माळ्याखाली उभी राहिली. "चाचा, एक विचारू? या झाडाची साल अशी पापुद्र्यासारखी का निघते? मुलं विचारत आहेत, आणि मला नाही माहीत."

"पेरूची साल निघतीच. साप कात टाकतो तसं."

"मग हे तुम्हीच खाली येऊन सांगा ना त्यांना."

शमशेर कुरकुरत उतरला. पोरांनी त्याला गराडा घातला. त्यानं एका खोडावरचा वाळका पापुद्रा अलगद सोडवला. खालून हिरवट, गुळगुळीत, ओलसर अंग निघालं. "हां, आता लावा हात," तो म्हणाला. एकोणीस तळवे त्या खोडावर पडले. संस्कृती नावाची साडेतीन वर्षांची पोर, पूजाची मुलगी, हात लावून झाल्यावर गाल लावून उभी राहिली. "थंड हाय," ती म्हणाली.

शमशेरला एकदम आठवलं, आदिल असाच गाल लावायचा.

आदिलच्या जन्माच्या दोन वर्षं आधी ही बाग लावली होती. राहुरीहून लखनौ जातीची रोपं आणलेली, ट्रकच्या टपावर बसून, ओल्या गोणपाटात गुंडाळून. तेव्हा ठिबक नव्हतं. शमशेर आणि सुरय्या दोघं मिळून पाटाचं पाणी द्यायची. दारं धरताना आदिलला सांभाळायला घरी कोणी नव्हतं, म्हणून त्याची झोळी फांदीला बांधायची. झोळीतून बाहेर आला तो थेट वाफ्यात. माती खाल्ली, मुंग्यांनी फोडून काढला, बेडकामागं रांगत गेला. तीन वर्षांचा झाला तेव्हा झाडांना त्यानंच नावं देऊन टाकली होती. आडवं वाढलेलं झाड म्हणजे घोडा, दुबेळक्याचं झाड म्हणजे खुर्ची. पहिल्यांदा शाळेत गेला तेव्हा मास्तरांनी वीसपर्यंत आकडे विचारले, तर यानं पाटीवर नाही, पाट्यांवर मोजून दाखवले. पेरूच्या पाट्या भरताना ऐकून ऐकून शिकलेला.

आता तो आदिल राहात्यात ठिबकच्या दुकानात बसायचा, आणि त्याची चार वर्षांची अनम पिवळ्या गाडीतून इंग्लिश नर्सरीत जायची. संध्याकाळी घरी आली की सोफ्यावर मोबाईल. एकदा शमशेरने तिच्या हातावर गांडूळ ठेवलं, तर पोर किंचाळली आणि सून सिमरनने तिचे हात साबणानं तीनदा धुतले.

डिसेंबर लागला तशी शमशेरची गोफण माळ्यावरच राहू लागली. सकाळी तो आणि दोन बायका तोडा करत, राहिलेल्या झाडांचे पेरू कॅरेटमध्ये भरत. दहा वाजता पोरं आली की कॅरेट बाजूला. कधी तो पाटाला बारीक फाटा काढून द्यायचा आणि पोरं त्यात पानांच्या होड्या सोडायची. कधी डोळे मिटायला लावून प्रत्येकाच्या नाकाखाली पेरू धरायचा: पाडाचा कोणता, हिरवा कोणता. हगऱ्या पोरांना झाडाच्या आळ्यात नेऊन बसवणं आणि वर माती लोटायला शिकवणं हेसुद्धा त्याच्याकडेच आलं. सुरय्या चुलीपाशी खिचडी ढवळत हसायची. "माळ्यावरचा वाघ बघा," ती स्नेहलताईला म्हणायची, "नाकं पुसाया लागला."

एका रविवारी आदिल मोटार बघायला आला, तर बाप आडव्या झाडाच्या बुंध्यावर हात फिरवत बसलेला. "ल्हान हुतास तवा," शमशेर म्हणाला, "तू ह्याच्यावर बसून लगाम मागायचास. सुतळी बांधून दिल्ती तुला."

"अब्बा, मार्चला जेसीबी सांगितलाय," आदिल म्हणाला. "नंतर उगा 'नको' म्हणू नका."

"म्या कुठं काय म्हन्लं?"

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ते घडलं. सहाव्या ओळीत एका वाळल्या झाडाला गांधीलमाश्यांनी पोळं केलेलं होतं. शमशेरला ते आधी दिसलं होतं. पूर्वीचा शमशेर असता तर त्याच संध्याकाळी धूर करून ते उतरवलं असतं. पण झाडाला चुन्याचा पट्टा होता, झाड जाणारच होतं, आणि त्या ओळीत पोरं जात नाहीत असा त्याचा समज. त्या सकाळी तो पोरांना रंगीत किड्याची गोष्ट सांगण्यात गुंग होता. संस्कृती कधी उठली, कुणाला कळलं नाही. कळलं ते तिच्या किंकाळीनं.

शमशेर धावला. अडुसष्ट वर्षांचे गुडघे, पण धावला. पोरीच्या तोंडाभोवती माश्या घोंगावत होत्या. त्यानं खांद्यावरचा पंचा तिच्यावर टाकून तिला पोटाशी घेतलं आणि तसाच विहिरीकडे पळाला. त्याच्या मानेवर, कानावर चार-पाच डंख बसले. पोरीला तीन, एक पापणीवर. बघता बघता तोंड सुजून डोळा मिटला. स्नेहलताईनं तिला मोटारसायकलवरून दवाखान्यात नेलं. इंजेक्शन दिलं, दोन तास बसवून ठेवलं आणि घरी पाठवलं. जिवाला धोका नव्हता. पण सुजलेलं ते तोंड गावानं पाहिलं.

दुपारी संस्कृतीची आजी पुष्पावती शेखमळ्यावर येऊन उभी राहिली. सोबत आणखी पाच-सहा बायका.

"कुठं हाय त्यो म्हातारा? आमची पोरं काय रानात वळायला पाठिवली व्हय? अंगनवाडी म्हन्त्यात का जंगल ह्याला?"

शमशेर मान सुजवून ओट्यावर बसला होता. उठून उभा राहिला.

"पोरांना उभं करत न्हवता बागंत, जल्मभर! आता काय उमाळा आला? सोताच्या नातीला गाडीतनं पाठिवता साळंत, आन आमच्या पोरांना किड्यामुंग्यात!"

हे वाक्य सुरय्याला लागलं, तिच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. सिमरन दारातून आत गेली. शमशेर खाली बसला.

संध्याकाळी स्नेहलताईला वरून फोन आला. सुपरवायझर आरती मॅडम म्हणाल्या, मी येऊन बघेपर्यंत बागेत मुलं बसवायची नाहीत. दुसऱ्या दिवशी सतरंजी ओट्यावर अंथरली. चारच पोरं आली. तिसऱ्या दिवशी दोन.

शमशेरने पहिलं काम केलं ते सगळी बाग ओळीओळीनं पालथी घातली. दोन पोळी निघाली, धूर करून उतरवली. मग तो विहिरीच्या कठड्यावर बसून राहिला. बाग शांत होती. अशी शांत बाग मिळावी म्हणून त्यानं छत्तीस वर्षं गळा फोडला होता.

त्याच दुपारी त्यानं टोपी घातली आणि गावात गेला. पहिलं घर पूजाचं.

पूजा अंगणात कांद्याची रोपं निवडत बसली होती. तिनं पदर सारखा केला, पण उठली नाही. "या चाचा," एवढंच म्हणाली.

"पोर कशी हाय?"

"सूज उतारली. झोपली हाय."

शमशेर जमिनीवरच टेकला. "पोळं मला ठावं हुतं, पूजा. आज उतारू, उद्या उतारू म्हनत ठिवलं. चूक माझी हाय. स्नेहलताईची न्हाई, सुरय्याची न्हाई. ह्ये सांगाया आल्तो."

पूजाचे हात रोपांवर थांबले. ती म्हणाली, "चाचा, तुमाला आठवतं का, मी चौथीत हुते. आमी तिघी कुंपनातनं शिरल्तो. त्या दोघी पळाल्या, मी घावले."

"न्हाई गं."

"तुमी माझी चप्पल काढून घेतली. माळ्याला टांगून ठिवली. सगळ्यांना दिसंल अशी. एप्रिल म्हैना हुता. मी घरी सांगितलंच न्हाई, बा मारील म्हनून. दोन दिवस तशीच अनवानी साळंत गेले. डांबराचा रोड. तळपायाला फोड आल्ते."

अंगणात एक कोंबडी माती उकरत होती. शमशेर तिच्याकडं बघत राहिला. त्याने आठवायचा प्रयत्न केला. माळ्याला टांगलेल्या चपला त्याला आठवल्या, एक नाही, कितीतरी. पण त्यातली हिची कोणती, ते आठवेना. आणि हेच त्याला सगळ्यात वाईट वाटलं.

"किती पेरू घेतल्ते?" त्यानं विचारलं.

"एक. तो बी कच्चा निघाला."

शमशेरने टोपी काढून मांडीवर ठेवली. डोक्यावरचे विरळ पांढरे केस घामानं चिकटले होते. "माझं लई चुकलं," तो म्हणाला. "तवाबी आन आताबी. पेरू काय, रावं बी खाऊन जात्यात."

पूजानं खाली मान घालून दोन-चार रोपं निवडली. "संस्कृती सारखी तुमचंच नाव घेती," ती म्हणाली. "तोंड आसं सुजलेलं, डोळा उघडत न्हाई, आन म्हन्ती चाचाकडं जायचं. तुमी धावत आल्ता म्हन्ती, पंच्यात घेतलं म्हन्ती. मला काय वाटलं सांगू? ज्या बागंतनं मला हाकललं, तिथं जायला माझी पोर रडती."

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा स्वतः संस्कृतीला घेऊन मळ्यावर आली. सुरय्यानं चहा टाकला. पूजा बागेत एकटीच शिरली आणि बराच वेळ ओळींमधून हिंडत राहिली. शमशेरने एक पाडाचा पेरू तोडून तिच्या हातावर ठेवला. तिनं तो उभ्यानंच खाल्ला, बियांसकट, आणि डोळे पुसले. तिनं गावात जाऊन काय सांगितलं कुणास ठाऊक, पण शुक्रवारपर्यंत ओट्यावर चौदा पोरं झाली. पुष्पावतीसुद्धा कुरकुरत का होईना, नातीला सोडायला येऊ लागली आणि चुलीपाशी टेकून सुरय्याच्या खिचडीत मीठ कमी आहे म्हणून खोड काढू लागली.

सोमवारी आरती मॅडम आल्या. त्यांनी बाग पाहिली, विहिरीला जाळी आहे का ते पाहिलं, हजेरीचे फोटो पाहिले. संस्कृतीनं त्यांना हाताला धरून पाटाकडं ओढत नेलं. साडी वर धरून मॅडम वाकल्या, तेव्हा पोरगी पाण्यावरून चालणारा किडा त्यांना दाखवत होती आणि "हात लावू नका, त्यो बुडंल" म्हणून दटावत होती. मॅडम हसल्या. पण हसून झाल्यावर कामाचंच बोलल्या. "खोली होईपर्यंत इथे बसवा. पण मला जागेच्या मालकाचं लेखी पाहिजे. मुलांना काही झालं तर जबाबदारी तुमची."

आदिल नेमका त्या दिवशी घरी होता. "अब्बा, सही करू नका," तो बापाला बाजूला घेऊन म्हणाला. "एवढी पोरं. साप हाय, विहीर हाय. उद्या काय झालं तर पोलीस आपल्या दारात येतील. आन बाग तर दोन महिन्यांत जाणार. कशासाठी?"

शमशेर म्हणाला, "तू हितंच वाढलास, आदिल. साप तवाबी हुतं. हीर तवाबी हुती. मी आन तुझी अम्मी, आमचा डोळा हुता तुझ्यावर. तेवढं जमंल मला आजून."

त्यानं सही केली. लपेटदार उर्दू वळणाची. आदिल मोटारसायकल काढून निघून गेला.

फेब्रुवारी सोन्यासारखा गेला. ऊन चढायच्या आत पोरं यायची. शमशेर रोज पहाटे फिरून सगळी झाडं तपासायचा, विंचवाचे दगड उलटून बघायचा. एकोणीसची एकवीस पोरं झाली. आणि एका शनिवारी नर्सरीला सुट्टी होती, तेव्हा सिमरन स्वतः अनमला घेऊन ओट्याच्या पायरीपर्यंत आली. "अब्बा, हिला बी थोडा वेळ," ती अवघडून म्हणाली. अनमचे मोजे पांढरेशुभ्र होते. अर्ध्या तासानं ते ओले आणि काळे होऊन कुंपणावर वाळत होते, आणि अनम कोपरापर्यंत चिखलात होती.

खोलीचं काम होळीपूर्वी संपलं. नवा स्लॅब, भिंतींवर रंगीत चित्रं, दारात रबरी चटई. पोरं रांगेनं गावात परत गेली. सुरय्यानं सतरंजी झटकून घडी घातली. त्या दिवशी शमशेर जेवला नाही. पोट जड आहे म्हणाला.

जेसीबी आला तेव्हा शमशेर स्वतः पुढं उभा राहिला. एकेक झाड मुळासकट वर यायचं, माती झडायची आणि मुळांवरच्या गाठी दिसायच्या, मण्यांच्या माळेसारख्या. स्नेहलताईनं विचारून पोरांना बघायला आणलं होतं. शमशेरने एक मूळ तोडून पोरांच्या मध्ये ठेवलं. "ही गाठ आली की झाडाला पानी पीता येत न्हाई. उपाशी ऱ्हातं आन मरतं."

"त्याला दुखतं का?" संस्कृतीनं विचारलं.

शमशेर उत्तर द्यायला वाकला आणि तसाच वाकलेला राहिला. मग आदिल पुढं झाला. तो बाजूलाच उभा होता, ऑपरेटरला खुणा करत. पोरांसमोर उकिडवा बसून तो म्हणाला, "थोडं दुखत असंल. पन लई दिवस चांगलं जगलं ते. मी तुमच्याएवढा हुतो ना, तवापासनं." त्यानं बापाकडं पाहिलं नाही.

पाडव्यानंतर आदिलने सीताफळाची आखणी सुरू केली. दोरी ताणून, चुन्याच्या फक्कीचे ठिपके टाकत, तो ओळींमागून ओळी आखत गेला. शमशेर मागून टोपल्यातली फक्की देत होता. विहिरीजवळच्या कोपऱ्याशी आदिलने दोरी गुंडाळली. तिथं दोन गुंठे मोकळेच राहिले.

"ह्ये ऱ्हायलं की," शमशेर म्हणाला.

"तिथं पाइप पोचत न्हाई."

पाइप त्या कोपऱ्यातूनच गेलेला होता. विहिरीतून निघून पहिल्यांदा तिथंच जमिनीत शिरत होता, आणि तो आदिलनेच पुरला होता.

"स्नेहलताई म्हनत हुती," आदिल दोरीचा गुंता सोडवत राहिला, "आठवड्यातनं एक दिवस पोरांना कुठं न्यावं, म्हनून. मी म्हटलं बघू. अनमची नर्सरी बी शनिवारी बंद असती. दोन कडुनिंब लावा तिथं, लवकर वाढत्यात. आन एखादं चिंचेचं. बाकी तुमाला काय लावायचं ते लावा."

तो उरलेली फक्की घेऊन घराकडं गेला.

शमशेर त्या कोपऱ्यात गेला. जेसीबीनं तिथली माती उलथीपालथी करून टाकली होती. तुटक्या मुळांचे अणकुचीदार खुंट वर आले होते, मधेच जुन्या कुंपणाची तार, काचेचा एखादा तुकडा. त्यानं लुंगी खोचली, खाली बसला आणि एका टोकापासून हातानं माती चाळायला घेतली. सुरय्यानं दोनदा जेवायला हाक मारली. "आलो, आलो," म्हणत तो वीतभर पुढं सरकत राहिला.